जमीन मोजायचं अ‍ॅप : रोटरच्या बिलाला पास, बांधाच्या भांडणाला नापास

आधी निकाल सांगतो, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल. फोनच्या जीपीएसवर शेताचं क्षेत्रफळ काढून देणारी फुकटची अ‍ॅप असतात ना, त्यातलं एक मी या सीझनला आमच्या कोरेगाव भागातल्या वावरात भरपूर वापरलं. माझं मत असं की वावर एकराच्या वर असेल आणि रोटर, नांगरट, ड्रोन फवारणी असल्या एकरी भावाच्या कामाचं बिल काढायचं असेल तर बिनधास्त घ्या. पण गुंठेवारीचा प्लॉट असेल, भावकीतलं वाटप असेल, नाहीतर शेजाऱ्यानं बांध कोरलाय म्हणून डोकं फिरलं असेल तर फोन खिशातच राहू द्या. पाचपैकी साडेतीन स्टार. अ‍ॅपचं नाव टाकत नाही, कारण प्ले स्टोअरला त्याचीच डझनभर भावंडं आहेत, आतलं गणित बहुतेकांचं एकच आणि रडगाणंही जवळपास एकच.

वापरायच्या पद्धती दोन. एक म्हणजे मॅपवर आपलं वावर शोधायचं आणि सॅटेलाइट फोटोवर कोपऱ्या-कोपऱ्यावर बोट टेकवत जायचं. दुसरी म्हणजे स्टार्ट दाबायचं, फोन हातात धरून बांधानं पूर्ण फेरी मारायची, जिथून निघालो तिथं आलो की स्टॉप. दोन्हीकडं शेवटी जे तयार होतं ते एकच, कोपऱ्यांची एक यादी, आणि त्या यादीवरून अ‍ॅप आकडा काढतं. हे लक्षात ठेवा कारण पुढची सगळी कटकट त्या यादीचीच आहे. अ‍ॅपला तुमचं वावर दिसत नाही, ओढा दिसत नाही, विहीर दिसत नाही, त्याला फक्त बिंदू दिसतात.

आमच्या ज्या तुकड्यावर मी हे करून बघितलं त्याचं सातबाऱ्यावर क्षेत्र ०.८१ हेक्टर, म्हणजे ८१ आर, म्हणजे ८१०० चौरस मीटर, म्हणजे साधारण ८० गुंठे, दोन एकर. चालून एकदा ७८ गुंठे आलं, तसंच परत चाललो तर ८२. मॅपवर बोटानं काढलं तर ८१ च्या आसपास. चुलते बांधावर बसून बघत होते, ते म्हणाले, "आरं, जमीन वाढती-कमी हुती का काय तुझ्या फोनात?" प्रश्न चुकीचा नव्हता. पण दोन एकरात दोन गुंठे इकडं-तिकडं म्हणजे अडीच टक्के, रोटरवाल्याच्या बिलात त्याचा फरक पडून पडून किती पडणार. आधी आमच्याकडं रोटरवाला डोळ्यानं बघून "दोन एकर पाच गुंठं भरतंय" म्हणायचा आणि ते पाच गुंठे कुठनं यायचे ते देवाला माहीत. आता त्याच्याच फोनात तेच अ‍ॅप आहे, दोघं एकत्र बघतो, विषय संपतो. साडेतीनमधले दोन स्टार या एका कामाचे.

जीपीएस किती चुकतं हे बऱ्याच जणांना माहीत नसतं म्हणून सांगतो. साधा स्मार्टफोन मोकळ्या आभाळाखाली साधारण ५ मीटरच्या आत तुमची जागा सांगतो. आंब्याखाली, चिंचेखाली, बंगल्याच्या भिंतीला चिकटून उभं राहिलं की आणखी बिघडतं. आमच्या वावराच्या एका कोपऱ्यावर जुनी बाभळ आहे, तिथं उभं राहून मी स्क्रीनकडं बघत होतो, मी जागचा हललो नाही पण निळा ठिपका हळूहळू सरकत शेजाऱ्याच्या आल्याच्या सरीत जाऊन उभा राहिला, थोडा वेळ थांबलो तर परत आमच्या बाजूला आला. मग अशा ठिपक्यावर मोजलेलं क्षेत्र एवढं बरं कसं काय येतं? त्यात गंमत अशी की चूक सगळीकडं एकाच दिशेनं झाली तर क्षेत्रफळाला काही होत नाही. सगळे कोपरे ४ मीटर पूर्वेला सरकले तर अख्खं वावर पूर्वेला सरकलं, आकार तोच, गुंठे तेवढेच. एका फेरीच्या वेळात जीपीएसची बरीचशी चूक अशी एकाच दिशेची असते. नडतो तो फक्त या कोपऱ्याची चूक आणि त्या कोपऱ्याची चूक यांच्यातला फरक.

एक कोपरा चुकला तर किती फटका बसतो याचा हिशोब सोपा आहे. त्या कोपऱ्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा कोपरा जोडणारी रेघ मनात काढा. आपला कोपरा त्या रेघेपासून जेवढा आत किंवा बाहेर सरकला तेवढं अंतर गुणिले त्या रेघेची लांबी, भागिले दोन. ९० मीटर बाय ९० मीटरच्या वावरात ही रेघ १२७ मीटर, कोपरा ३ मीटर आत धरला गेला तर १९० चौरस मीटर गेले, म्हणजे जवळजवळ १.९ गुंठे. ८० मध्ये पावणेदोन-दोन गुंठे, ठीक आहे. आता हेच ३० बाय ४० फुटाच्या प्लॉटला लावा. तिथं ती रेघ ५० फूट म्हणजे १५ मीटर, कोपरा तसाच ३ मीटर चुकला तर २३ चौरस मीटर, म्हणजे अंदाजे २४६ चौरस फूट, तेही १२०० च्या प्लॉटात! वीस टक्के! आणि हा फक्त एक कोपरा. म्हणून सांगतोय, फोन घेऊन प्लॉट मोजायला जाऊच नका, तिथं पन्नास रुपयाच्या सुतळीला जास्त अक्कल असते.

चालायच्या मोडमध्ये अजून एक गोष्ट आहे जी कुठल्या रिव्ह्यूत वाचली नाही. अ‍ॅप दर काही सेकंदाला एक बिंदू घेतं आणि प्रत्येक बिंदू थोडा आत, थोडा बाहेर पडतो, त्यामुळं स्क्रीनवर बांधाची रेघ नागमोडी दिसते. क्षेत्रफळात हे आत-बाहेर एकमेकाला बरंचसं कापून टाकतं. पण परिमितीत कापाकापी नसते, तिथं प्रत्येक वळण लांबीत भरच घालतं. म्हणजे क्षेत्र बरोबर असलं तरी अ‍ॅप दाखवतं ती 'पेरिमीटर'ची लांबी खऱ्यापेक्षा जास्तच असणार. तारेच्या कंपाउंडला त्या आकड्यावर तार नि खांब मागवू नका, मॅपवर फक्त कोपरे टेकवून लांबी काढा किंवा सरळ टेप लावा.

आता आतलं गणित, कारण मला ते कळल्याशिवाय चैन पडत नाही आणि खरं सांगायचं तर अ‍ॅपचा सगळ्यात भारी भाग तोच आहे. कितीही कोपऱ्यांचा वेडावाकडा बहुभुज असू द्या, प्रत्येक कोपऱ्याचे दोन आकडे हवेत, एका ठरलेल्या खुंटीपासून पूर्वेला किती आणि उत्तरेला किती. मग पहिल्याचा पूर्व गुणिले दुसऱ्याचा उत्तर, त्यातून दुसऱ्याचा पूर्व गुणिले पहिल्याचा उत्तर वजा. असं करत पुढच्या प्रत्येक जोडीला, शेवटचा परत पहिल्याशी जोडायचा, सगळं मिळवायचं, निम्मं करायचं. कागदावर दोन ओळीत लिहून तिरके गुणाकार केले की बुटाच्या लेससारख्या फुल्या दिसतात म्हणून याला शूलेस फॉर्म्युला म्हणतात, गाऊसचंही नाव देतात, पण १७६९ मध्ये माइस्टर नावाच्या जर्मन गणितज्ञानं तो आधी मांडला होता.

सोप्या आकड्यात करून बघा. पाच कोपऱ्यांचं वावर, मीटरमध्ये: पहिला कोपरा (०,०), दुसरा (९०,१०), तिसरा (१००,८०), चौथा (४०,१०५), पाचवा (०,७०). पहिली जोडी शून्य. दुसरी-तिसरी ७२०० वजा १००० म्हणजे ६२००. तिसरी-चौथी १०५०० वजा ३२०० म्हणजे ७३००. चौथी-पाचवी २८०० वजा शून्य. शेवटची शून्य. बेरीज १६३००, निम्मे ८१५० चौरस मीटर, म्हणजे साडेएक्याऐंशी आर, साडेऐंशी गुंठ्याला टेकलं. शाळेत त्रिकोण पाडून, लंब टाकून जे अर्धा तास चालायचं ते एक्सेलमध्ये दोन कॉलमात उरकतं.

आणि इथंच अ‍ॅपचा सगळ्यात मोठा दोष आहे, ज्यासाठी मी एक अख्खा स्टार कापलाय. याच वावरात तिसरा आणि चौथा कोपरा उलट क्रमानं टेकवा, म्हणजे पहिला, दुसरा, चौथा, तिसरा, पाचवा. आकृतीत रेघ रेघेला छेदते, इंग्रजी आठाचा आकडा होतो, एक भाग अधिक आणि एक भाग उणे धरला जातो आणि उत्तर येतं ४३७५. निम्मं वावर गायब! चौकोनाचे कोपरे असे फिरवले तर शून्यसुद्धा येऊ शकतं. मी मुद्दाम असं करून बघितलं तर अ‍ॅपनं पापणीसुद्धा हलवली नाही, निवांत आकडा दाखवला, खाली 'सेव्ह' आणि 'शेअर ऑन व्हॉट्सअ‍ॅप'. एक साधी लाल रेघ दाखवायला काय जात होतं? बहुतेक वेळा माणूस स्क्रीन बघून ओळखेल, मान्य, पण दहा-बारा कोपऱ्यांचं ओढ्याकाठचं वावर असेल, उन्हात स्क्रीन दिसत नसेल, मधे एखादा कोपरा विसरलात आणि शेवटी तो टेकवलात, की झालंच.

बरं, अ‍ॅप मुळात बरोबर मोजतं का हे तपासायची एक युक्ती देतो, घरबसल्या होते. टेनिस कोर्टाचं माप जगात सगळीकडं एकच, डबल्सच्या बाहेरच्या रेघा २३.७७ मीटर बाय १०.९७ मीटर, म्हणजे २६०.८ चौरस मीटर. पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात कोर्टं आहेत, सॅटेलाइट फोटोत पांढऱ्या रेघा स्वच्छ दिसतात, झूम करून चार कोपरे टेकवा. २६० ते २६६ च्या मधे काही आलं तर अ‍ॅप ठीक, बोटाची जाडी तेवढी धरायचीच. माझं २६३ आलं. पण २९० च्या आसपास आलं तर ते अ‍ॅप लगेच उडवा. कारण काय, तर आपण मोबाइलवर जो मॅप बघतो तो मर्केटर पद्धतीनं सपाट केलेला असतो आणि विषुववृत्तापासून जसं लांब जावं तसं त्यात सगळं फुगत जातं, पुण्याच्या अक्षांशाला क्षेत्रफळ सरळ ११ टक्के फुगतं. चांगलं अ‍ॅप गोल पृथ्वीवर हिशोब करतं, आळशी अ‍ॅप फुगलेल्या मॅपवरच गुणाकार करून मोकळं होतं. क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या पोरांनाही हे सांगणं आहे, प्रोजेक्ट वेब मर्केटरमध्ये ठेवून सपाट क्षेत्र काढलं की हेच होतं. यूटीएम झोन, म्हणजे पट्ट्या-पट्ट्यानं मीटरमध्ये सपाट केलेला नकाशा, लावा, पश्चिम महाराष्ट्राला ४३, नागपूर-चंद्रपूरकडं ४४.

असंच अंशांचं. काही जण अक्षांश-रेखांशाचे आकडे उचलून थेट एक्सेलमध्ये फुल्या मारतात. आपल्याकडं उत्तर-दक्षिण एक अंश म्हणजे अंदाजे ११०.७ किलोमीटर पण पूर्व-पश्चिम एक अंश साताऱ्याच्या जवळपास १०६ किलोमीटरच भरतो. दोन्ही सारखे धरले तर चार टक्क्यांच्या वर क्षेत्र वाढून येतं, एकरामागं दीड-पावणेदोन गुंठे फुकट. जमिनीवर नाही मिळत हो, कागदावरच.

आता एककांचा घोळ, ज्यावर गावात खरी भांडणं होतात. अ‍ॅप उघडलं की डीफॉल्ट एकर आणि तेही दशांशात. स्क्रीनवर आलं १.२० एकर, आणि समोरचा वाचतो "एक एकर वीस गुंठे". अरे नाही बाबा! १.२० एकर म्हणजे एक एकर आठ गुंठे, कारण एकराला ४० गुंठे. एक एकर वीस गुंठे म्हणजे दीड एकर, ते १.५० दिसलं पाहिजे. ड्रोनवाल्या पोराबरोबर आमची यावरूनच हुज्जत झाली, तो बिचारा प्रामाणिक होता, त्याला खरंच तसंच वाटत होतं. पुन्हा सातबारा हेक्टर-आरमध्ये, तिथं ०.८१ म्हणजे ८१ आर, शंभराचा हिशोब. एक आर १०० चौरस मीटर आणि एक गुंठा १०१.१७, जवळजवळ भाऊच, म्हणून आर आणि गुंठा एकच धरून चाललं तर वावरात खपतं, पण एकर-गुंठ्यात ४० आणि हेक्टर-आरमध्ये १०० हे मिसळलं की वाट लागते. सेटिंगमध्ये जाऊन गुंठा हे एकक निवडा, चौरस फुटात तपासायचं असेल तर १०८९ नं भागा. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, कारण जुनी मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे, म्हणूनच आमचे चुलते अजून "चार आणे जागा बांधात गेली" म्हणतात आणि ते पाव गुंठा असतं. अ‍ॅपमध्ये आणे नाहीत, ही तक्रार त्यांच्यातर्फे नोंदवतो.

अ‍ॅपमध्ये आणखी एक सोय आहे, 'बाजू टाका, क्षेत्र मिळवा'. ही वापरू नका, म्हणजे नकाच. चार बाजूंची मापं टाकायची आणि ते क्षेत्रफळ देतं. कसं देतं? समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणाकार. आपल्याकडं प्लॉटचे एजंट वर्षानुवर्षं हेच करतात आणि लोक मान डोलावतात. कोपरे काटकोनात असतील तर ठीक, नाहीतर हा आकडा नेहमी खऱ्यापेक्षा जास्तच येतो, कधीच कमी येत नाही, आणि फायदा नेहमी विकणाऱ्याचा होतो हे सांगायला नको. एक उदाहरण घ्या: बाजू ६०, ४०, ७२ आणि ३७ फूट. सरासरीनं ६६ गुणिले ३८.५, म्हणजे २५४१ चौरस फूट. आता त्याच प्लॉटात तिरकी टेप लावली, ६० आणि ४० च्या बाजू जिथं मिळतात तो कोपरा सोडून, त्याच्या दोन्हीकडचे कोपरे जोडून, आणि कर्ण आला ८९.९ फूट. आता दोन त्रिकोण झाले, एक ६०, ४०, ८९.९ चा आणि दुसरा ८९.९, ७२, ३७ चा. नववीतलं हेरॉनचं सूत्र लावा, पहिला ९६० च्या आसपास, दुसरा १२७६, मिळून २२३६. म्हणजे ३०५ चौरस फूट हवेत. हजार रुपये फुटाचा भाव असेल तर तीन लाख.

आणि त्याच चार बाजू ठेवून कर्ण बदलला तर क्षेत्र परत बदलतं. खाटेचे चार खूर ढिले झाल्यावर ती तिरकी होते तसं, पाट्या त्याच, आतली जागा कमी. ब्रह्मगुप्तानं ६२८ मध्येच या सरासरीच्या गुणाकाराला स्थूल फळ म्हणून ठेवलंय, म्हणजे ढोबळ. आणि आपल्या भास्कराचार्यांनी, ज्यांच्या घराण्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणला आहे, ११५० च्या लीलावतीत तर सरळ झापलंय: कर्ण किंवा लंब न सांगता चौकोनाचं क्षेत्रफळ विचारणारा पिशाच, आणि त्याला उत्तर देणारा त्याहून मोठा पिशाच. अ‍ॅपवाल्यांनी हे बटण काढून टाकावं किंवा तिथं कर्णाचा पाचवा रकाना द्यावा, एवढी साधी मागणी आहे. टेप हातात असेल तर पाचवं माप घ्यायला दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

उताराच्या जमिनीवाल्यांसाठी एक टीप. आमच्या मामांचं रान डोंगराच्या पोटाला आहे, त्यांनी टेपनं मोजलं तर अ‍ॅपपेक्षा जास्त भरलं आणि ते अ‍ॅपला शिव्या घालत होते. इथं अ‍ॅप बरोबर आहे. नकाशावरचं क्षेत्र, सरकारी मोजणीचंही, सपाट धरूनच असतं, वरून बघितल्यासारखं. २० अंशाच्या उतारावर टेप जमिनीला चिकटवून ३० मीटर भरलं तर सपाटीवर ते २८.२ च असतं. टेपनं मोजायचंच असेल तर टेप आडवी धरा आणि ओळंबा सोडा, थोडं-थोडं करत उतरा.

सॅटेलाइट मॅपवर टेकवायची पद्धत मला चालण्यापेक्षा जास्त पटली, फक्त अट एकच, बांध दिसला पाहिजे. उसाला पाच-सहा महिने झाले की बांध गेलाच, दोन्हीकडची पानं मिळतात आणि आपण अंदाजानं टेकवतो. लॅपटॉप असेल तर गूगल अर्थ प्रो घ्या, २०१५ पासून फुकट आहे, त्यात जुन्या तारखांचे फोटो मागं-मागं जाऊन बघता येतात. उन्हाळ्यातला नांगरलेला फोटो शोधा, बांध आरशासारखा दिसतो, त्यावर पॉलिगॉन काढा. नुसता झटपट अंदाज हवा असेल तर कॉम्प्युटरवर गूगल मॅप्समध्ये राइट क्लिक करून अंतर मोजायचा पर्याय आहे, बिंदू देत-देत पहिल्या बिंदूवर परत आलात की तो क्षेत्रही सांगतो, कुठलं अ‍ॅपच लागत नाही.

जाहिराती. स्टॉप दाबायच्या जागेवर नेमकी खालून जाहिरात वर येते आणि फेरी संपता संपता बोट रमीच्या गेमवर पडतं. एकदा नोंदलेली फेरी त्यात गेली, परत अख्खं वावर चाललो, भर उन्हात. जाहिराती घालवायच्या तर प्रीमियम घ्या, पीडीएफ आणि नकाशाची केएमएल फाइल पण प्रीमियममध्येच. ज्यांचा ट्रॅक्टर-ड्रोनचा धंदा आहे त्यांनी घ्यावं, आपल्यासारख्यांनी स्क्रीनशॉट काढावा आणि मोबाइल डेटा बंद करून चालावं, जीपीएसला नेट लागत नाही, जाहिरातीला लागतं. फोन नवा, दोन फ्रिक्वेन्सीचा जीपीएस असलेला असेल तर झाडाखालीसुद्धा ठिपका कमी नाचतो, हा फरक भावाच्या फोनवर स्पष्ट जाणवला. कोपऱ्यावर पोचल्यावर लगेच पुढं निघू नका, अर्धा मिनिट उभे राहा.

आता वाटपाचं. ज्यांना वाटतं की अ‍ॅपचा स्क्रीनशॉट तलाठ्याला नाहीतर कोर्टात दाखवू, त्यांना हात जोडून सांगतो, त्याला काडीची किंमत नाही. तिथं भूमी अभिलेखची मोजणीच लागते, तिचा नकाशा म्हणजे 'क' प्रत. आता मोजणीला रोव्हर, म्हणजे अचूक जीपीएसचं यंत्र, येतो, कॉर्स स्टेशन नावाच्या कायम बसवलेल्या जीपीएस केंद्राच्या आधारावर काही सेंटिमीटरपर्यंत जागा पकडतो, आपल्या फोनच्या मीटरांशी त्याची तुलनाच नाही. आम्ही खात्री म्हणून आधी एक खाजगी सर्व्हेअर बोलावला होता, त्यानं रोव्हरनं ८०.४ आर काढलं, सातबाऱ्याच्या ८१ च्या जवळच. पण मोजायला यायच्या आधी त्यानं पहिला प्रश्न विचारला तो ऐका: "कोपरे कोण दाखवणार?" मशीन सेंटिमीटरचं असलं तरी ते खांब रोवेल तिथलंच मोजणार, आणि वहिवाटीचा बांध आणि नकाशातली हद्द एक असेलच असं नाही. सरकारी मोजणीवाला जुना नकाशा, टिपण, फाळणी अशी जुन्या मोजणीची कागदपत्रं घेऊन हद्द शोधतो आणि मग मोजतो, अ‍ॅप ही पहिली पायरी गाळून थेट दुसरीवर उडी मारतं. शिवाय सातबाऱ्याच्या क्षेत्रात पोटखराबा धरलेला असतो, ओढ्याची कड, खडक, विहीर. तुम्ही पिकाच्या कडेनं चाललात तर अ‍ॅपचा आकडा कमी येणारच, म्हणून "आमची तीन गुंठं कुणी खाल्ली" म्हणत शेजाऱ्याच्या दारात जाऊ नका. आमच्या आळीत एक जण गेला होता, आता दोघं पाण्याच्या पाळीवर पण बोलत नाहीत.

तर वापरायचं असेल त्यांनी इन्स्टॉल केल्यावर एवढं करा: एकक गुंठा, मॅप सॅटेलाइटवर, बालेवाडीचं टेनिस कोर्ट एकदा मोजून बघा, कोपरे घड्याळाच्या काट्यासारखे एका दिशेनं आणि क्रमानं, बाजूंवरून क्षेत्र काढायचं बटण विसरून जा. पुढच्या अपडेटमध्ये रेघ रेघेला छेदली की इशारा द्यायची सोय आली तर मी येऊन कापलेला स्टार परत देतो. जाहिरातीचा अर्धा मात्र देणार नाही.